'द प्रिझनर'चा शेवटचा भाग 'फॉल आउट': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'द प्रिझनर' नुकतीच बघून संपवलेल्यांचे मेसेज एकाच सुरात येतात: "हे काय होतं?" जुन्या चाहत्यांचे मेसेज लांबलचक असतात आणि त्यांत भांडण असतं. दोन्ही मंडळींना तेच तेच लिहीत बसण्यापेक्षा उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. शेवट फोडल्याशिवाय या भागाबद्दल काही बोलताच येत नाही. मालिका बघायची असेल तर दुसऱ्या प्रश्नाच्या पुढे जाऊ नका.

१. ही मालिका कोणती, आणि वाद नेमका कुठल्या भागावर आहे?

'द प्रिझनर' ही ब्रिटनच्या आयटीव्हीवर सप्टेंबर १९६७ पासून दाखवली गेलेली मालिका. एकूण १७ भाग, प्रत्येक साधारण ५० मिनिटांचा. एक ब्रिटिश हेर तडकाफडकी राजीनामा देतो, घरी येऊन बॅग भरायला घेतो, तेवढ्यात दाराच्या किल्लीच्या भोकातून गॅस सोडून त्याला बेशुद्ध केलं जातं. जाग येते ती समुद्रकाठच्या एका रंगीबेरंगी, फारच देखण्या गावात. या गावाला सगळे नुसतं 'व्हिलेज' म्हणतात. तिथे कुणाला नाव नाही, फक्त नंबर. आपला नायक नंबर सिक्स. कारभार नंबर टू बघतो आणि तो जवळजवळ दर भागात बदलतो. नंबर वन कोण, हे कुणी सांगत नाही. गावाला हवं असतं राजीनाम्याचं कारण आणि याला हवी असते सुटका.

नंबर सिक्स झालाय पॅट्रिक मॅकगूहन. मालिकेमागचा मुख्य माणूसही तोच. फेब्रुवारी १९६८ च्या पहिल्या आठवड्यात 'फॉल आउट' हा सतरावा आणि अखेरचा भाग दाखवायला सुरुवात झाली. लेखन मॅकगूहनचं, दिग्दर्शनही त्याचंच. भांडण या भागावरून आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही.

२. फक्त शेवटचा भाग बघितला तर कळेल का?

नाही. मुखवटे घातलेली माणसं ओरडतायत आणि मधेच कुणीतरी नाचतंय, एवढंच दिसेल.

सगळे भाग बघायला वेळ नसेल तर निदान चार बघा: पहिला 'अरायव्हल', दुसरा 'द चाइम्स ऑफ बिग बेन', सोळावा 'वन्स अपॉन अ टाइम' आणि मग 'फॉल आउट'. दुसऱ्या भागात लिओ मॅकर्नचा नंबर टू भेटतो. शेवटच्या दोन भागांत परत येतो तो हाच. शेवटचे दोन एका बैठकीत बघा, कारण ती एकच गोष्ट आहे. आणखी एक भाग जमवता आला तर 'लिव्हिंग इन हार्मनी' घ्या. का, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

३. भागात घडतं काय, ते एकदा सरळ सांगाल का?

सोळाव्या भागात नंबर टू आणि नंबर सिक्स एका बंद खोलीत एकमेकांना भिडतात आणि अखेर नंबर टू मरून पडतो. 'फॉल आउट' तिथून पुढे सुरू होतो. नंबर सिक्सला त्याचे जुने कपडे परत मिळतात. त्याच्याच चेहऱ्याच्या पुतळ्यावर ते चढवून ठेवलेले असतात. मग दुतर्फा ज्यूकबॉक्स लावलेल्या बोगद्यातून त्याला नेतात, आणि तिथे बीटल्सचं 'ऑल यू नीड इज लव्ह' वाजत असतं. पुढे एक प्रचंड गुहा. पांढरे झगे आणि अर्धे काळे, अर्धे पांढरे मुखवटे घातलेले सभासद बसलेत. प्रत्येकासमोर कुठल्या ना कुठल्या गटाची पाटी. न्यायाधीशाच्या वेशातला अध्यक्ष आहे. समोर एक धातूचं उंच नळकांडं, त्यावर '१' आकडा आणि एक डोळा.

इथे खटले चालतात. पहिला नंबर ४८ वर: टोपी घातलेला, गळ्यात घंटी बांधलेला एक तरुण. तो 'डेम बोन्स' गाणं म्हणत सगळ्या सभेला नाचायला लावतो. दुसरा मेलेल्या नंबर टूवर. त्याची आधी दाढी करतात, त्याला जिवंत करतात, मग आरोपी म्हणून उभा करतात. तो त्या डोळ्याकडे जाऊन त्यावर थुंकतो. दोघंही बंडखोर ठरून आत जातात. नंबर सिक्सला मात्र सिंहासन, घराची किल्ली, पासपोर्ट, दहा लाखांचे ट्रॅव्हलर्स चेक आणि वर किरकोळ खर्चाचे सुटे पैसे देतात. हे सुटे पैसे मला फार आवडतात. आमचं नेतृत्व कर नाहीतर खुशाल घरी जा, असा प्रस्ताव असतो. तो बोलायला उभा राहतो आणि त्याला बोलू देत नाहीत (प्रश्न ११). मग नंबर वनची भेट (प्रश्न ४), गोळीबार (प्रश्न १२), अग्निबाण उडतो, व्हिलेज रिकामं होतं. ट्रेलरवर ठेवलेल्या खोलीतून नंबर सिक्स, नंबर टू, ४८ आणि व्हिलेजमधला मुका बटलर असे चौघं लंडनच्या रस्त्याला लागतात. शेवट प्रश्न १३ मध्ये.

४. शेवटी नंबर वन कोण निघतो?

नंबर सिक्स स्वतः.

गोल जिन्यानं तो वर जातो. पाठमोरा, झग्यातला माणूस काचेचा गोळा त्याच्या हातात देतो. गोळा पडून फुटतो. नंबर सिक्स मुखवटा ओढतो, तर खाली माकडाचा मुखवटा. तो ओढतो, तर स्वतःचाच चेहरा, वेड्यासारखा हसणारा. हे भूत शिडी चढून वर पळतं आणि नंबर सिक्स खालून झाकण बंद करतो.

"शेवट कळतच नाही" ही या भागाविरुद्धची सगळ्यात जुनी तक्रार आहे, आणि माझ्या मते सगळ्यात फोल. सोळा भाग 'नंबर वन कोण?' हा प्रश्न विचारला गेला आणि सतराव्यात त्याचं उत्तर पडद्यावर, चेहऱ्यासकट दिलं. लोकांना हवा होता कुणीतरी दुसरा: एखादा मंत्री, एखादा रशियन, निदान तो मुका बटलर तरी. १९७७ मध्ये कॅनडात वॉर्नर ट्रॉयरला दिलेल्या मुलाखतीत मॅकगूहननं हेच सांगितलं. प्रेक्षकांना जेम्स बाँडच्या सिनेमातल्यासारखा खलनायक हवा होता, तो न मिळाल्यानं त्यांना फसवल्यासारखं वाटलं. आपला सगळ्यात वाईट शत्रू आपणच, असं त्याचं म्हणणं होतं.

या भागावर तक्रार करायला जागा आहे, भरपूर आहे. पण ती इथे नाही, प्रश्न १० मध्ये आहे.

५. मग तो चेहरा इतका क्षणभरच का दाखवला? माझ्या तर लक्षातच आलं नाही.

बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तो चेहरा डोळ्याचं पातं लवेपर्यंत येऊन जातो, आणि तोही हलत्या, तुटक शॉट्समध्ये. आज आपण थांबवून, मागे नेऊन बघतो. १९६८ च्या प्रेक्षकाला ती सोय नव्हती. चहा ओतायला मान वळवली की गेलं.

यावर चाहत्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, हा उद्धटपणा आहे: सोळा आठवडे थांबवलं आणि फळ दिलं ते निसटतं. दुसरा म्हणतो, स्वतःचा असा चेहरा माणसाला दिसतो तोही एवढाच वेळ. दुसरं बोलणं ऐकायला छान आहे, पण मी पहिल्यांच्या बाजूनं आहे. दोन सेकंद जास्त दिले असते तर अर्थ पातळ झाला नसता, आणि अर्धं भांडण तिथेच संपलं असतं.

६. सुरुवातीच्या संवादातच उत्तर दडलेलं होतं, असं म्हणतात. खरं का?

बहुतेक भागांच्या सुरुवातीला ठरलेले सवाल-जवाब आहेत. नायक विचारतो, "हू इज नंबर वन?" उत्तर येतं, "यू आर नंबर सिक्स." ऐकताना ही टाळाटाळ वाटते. पण 'यू आर' नंतर स्वल्पविराम धरला, तर तेच वाक्य 'तूच आहेस, नंबर सिक्स' असं सरळ उत्तर होतं.

हे मुद्दाम पेरलं होतं की नंतर जुळलं, यावर वाद आहे. वाक्य दोन्ही प्रकारे बसतं, हे मात्र कुणाला नाकारता येत नाही. शेवट हवेतून काढलाय म्हणणाऱ्यांना पहिल्याच भागांपासूनचं हे वाक्य जरूर ऐकवा. पण त्यावरून सगळं सुरुवातीपासून ठरलेलं होतं असं मात्र म्हणू नका. तसं नव्हतं (प्रश्न ९).

७. नंबर वन तोच असेल, तर व्हिलेज त्यानंच काढलं होतं का? मग स्वतःलाच का पकडून नेलं?

या रस्त्यानं गेलात तर डोकं दुखेल. काही चाहते अगदी शब्दशः घेतात: त्यानंच ही जागा कल्पिली, नंतर पटेनाशी झाली म्हणून राजीनामा दिला. काही म्हणतात समोरचा केवळ जुळ्यासारखा दिसणारा माणूस. या दुसऱ्यांना आधाराला 'द स्किझॉइड मॅन' हा भाग आहेच, तिथे नंबर सिक्सचा तोतया येतो. तिसरे म्हणतात, सगळा भाग औषध देऊन घडवलेला भास.

तोतयाचा तर्क चूक म्हणता येत नाही, पण तो मानला की भाग अगदीच साधा होऊन जातो. भासाच्या तर्काला माझा आक्षेप वेगळा आहे: भास म्हटलं की काहीही चालतं, आणि मग वाद घालायला काहीच उरत नाही. मालिका गुहेत शिरल्यापासून रूपकाच्या भाषेत बोलतेय. अग्निबाणाचं इंधन कुणी भरलं, हे तिथे विचारायचं नसतं.

८. १९६८ मध्ये लोक एवढे का चिडले?

कारण ती हेरकथा म्हणून विकली गेली होती. मॅकगूहन त्याआधी 'डेंजर मॅन' या हेरमालिकेमुळे घराघरांत माहीत होता. रहस्य असेल, उकल असेल, अशी लोकांची अपेक्षा होती. मिळाली माकडाच्या तोंडाची नक्कल आणि नाचणारे न्यायाधीश. प्रेक्षकांच्या तक्रारींचे फोन धडाधड आले. लोक इतके खवळले होते की मला काही दिवस लपून राहावं लागलं, असं मॅकगूहन पुढे मुलाखतींत सांगायचा. त्यात मीठमसाला किती हे तोच जाणे. नंतर त्यानं इंग्लंड सोडलं हे खरं. आधी स्वित्झर्लंड आणि मग कॅलिफोर्निया. २००९ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सांता मोनिकात तो वारला.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. तेव्हा आयटीव्हीचे वेगवेगळे विभाग एकच भाग वेगवेगळ्या दिवशी दाखवत. त्यामुळे राग एका रात्रीत भडकून विझला नाही, हप्त्याहप्त्यानं पसरला.

९. घाईत लिहिल्यामुळे भाग असा झाला, हे खरं आहे का?

घाई झाली, हे खरं. मॅकगूहनला मुळात सातच भाग हवे होते. मालिका काढणाऱ्या आयटीसी या कंपनीचा सर्वेसर्वा लू ग्रेड याला अमेरिकेत विकण्यासाठी २६ हवे होते. गाडी १७ वर थांबली. 'वन्स अपॉन अ टाइम' फार आधी, मालिकेच्या पहिल्या टप्प्यातच चित्रित झालेला होता. तो बाजूला ठेवला आणि पुढे मालिका आवरती घ्यायची वेळ आल्यावर त्याला जोडून 'फॉल आउट' लिहावा लागला. तोवर पटकथा संपादक जॉर्ज मार्कस्टाइन भांडून निघून गेला होता.

ही घाई पडद्यावर दिसते. मधल्या काळात लिओ मॅकर्ननं दाढी आणि केस कापले होते. मागच्या भागात मेलेला माणूस पुढच्या भागात गुळगुळीत कसा? म्हणून जिवंत करण्याच्या प्रसंगात त्याला खुर्चीत बसवून, तोंडाला फेस लावून दाढी केल्याचं दाखवलंय. अडचण होती, तिचा प्रसंग केला, आणि तो भागातला एक मजेशीर प्रसंग ठरला. यंत्रणा माणसाला पुन्हा जिवंत करते आणि त्याआधी त्याची हजामत करते, हे ठरवून लिहायला बसलं तरी सुचेल की नाही सांगता येत नाही.

म्हणून 'घाईत लिहिला म्हणून वाईट' हे समीकरण मला मान्य नाही. घाईनं काही प्रसंग दिले, काही बिघडवले. शिवाय मॅकगूहन आपले खरे सात भाग म्हणून जे सांगायचा, त्यांत 'फॉल आउट' आहे.

१०. कोर्टाचा प्रसंग इतका लांब का? मी तिथेच बंद केलं.

तुमची चूक नाही. हा भाग खरंच लांबलाय, आणि चाहत्यांनी शेवटावर भांडण्यापेक्षा यावर भांडायला हवं.

मांडणी कागदावर चांगली आहे. बंडाचे तीन प्रकार: पोरसवदा बंड म्हणजे नंबर ४८, ज्या व्यवस्थेनं पोसलं तिच्यावर उलटलेला म्हणजे नंबर टू, आणि कुणाचाच नसलेला एकटा म्हणजे नंबर सिक्स. पहिले दोन शिक्षेला पात्र, तिसरा पूजेला. पण पडद्यावर ४८ चा खटला संपता संपत नाही. 'डेम बोन्स' एकदा येतं तेव्हा अंगावर येतं, पुन्हा येतं तेव्हा मुद्दा कळतो, त्यानंतर आपण घड्याळ बघतो. ४८ झालेला अलेक्सिस कॅनर जीव तोडून काम करतो, पण १९६७ च्या तरुणाईबद्दल या प्रसंगाला 'ती नाचते आणि नियम मोडते' यापलीकडे फार काही म्हणायचं नाही. मॅकर्न आल्यावर मात्र हवा बदलते. त्याचं भाषण कडू आणि माणसाचं आहे: मी सत्तेत होतो, मला पकडलं, आणि मी किती लवकर त्यांचा झालो.

अध्यक्ष झालेला केनेथ ग्रिफिथ हा स्वतः बंडखोर स्वभावाचा नट आणि माहितीपटकार. आपलं भाषण मॅकगूहननं आपल्यालाच लिहायला सांगितलं, असं तो सांगायचा. ऐकताना ते जाणवतं. ते भाषण गोल, भरलेलं आणि पोकळ आहे, एखाद्या सत्कार समारंभाच्या अध्यक्षानं करावं तसं. इथे पोकळपणा बरोबर बसतो.

११. सगळे "आय, आय, आय" असं का ओरडतात?

नंबर सिक्स व्यासपीठावर येतो. हातोडा आपटून शांतता होते. तो 'आय' म्हणजे 'मी' या शब्दानं वाक्य सुरू करतो आणि सभा तोच शब्द उचलून आरडाओरडा करते. तो थांबतो, पुन्हा सुरू करतो, पुन्हा तेच. इंग्रजीत होकाराचा 'आय'ही तसाच ऐकू येतो, त्यामुळे सभा त्याला डोक्यावर घेतेय की गप्प करतेय हे वेगळं करता येत नाही. तो शेवटी नुसताच ओठ हलवत राहतो.

या भागातला माझा सर्वात आवडता मिनिट हाच. सोळा भाग छळ करून, औषधं देऊन, तोतये पाठवून ज्याला गप्प करता आलं नाही, त्याला टाळ्या वाजवून गप्प केलं. त्याचं व्यक्तिस्वातंत्र्य मान्य करणारी सभा त्याचं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. पुढे मुखवट्याखालून जो चेहरा निघतो, त्याची तयारीही इथेच होते. 'मी, मी, मी' असं गुहेभर घुमून झालेलं असतं.

१२. 'ऑल यू नीड इज लव्ह'वर गोळीबार? हे ढोंग नाही का?

दुसऱ्यांदा बघणारे बहुतेक सगळे इथे अडतात.

'डेंजर मॅन'मध्ये मॅकगूहनचा हेर बंदूक शक्यतो टाळायचा, आणि तो आग्रह त्याचा स्वतःचा होता. 'लिव्हिंग इन हार्मनी' या वेस्टर्न धाटणीच्या भागात तर सगळा संघर्षच हा की गावाचा शेरीफ झालेला नायक बंदूक लावायला तयार नाही. आणि शेवटच्या भागात तोच माणूस झगा घालून मशीनगन चालवतो, पाठीमागे प्रेमाचं गाणं लावून.

बचाव करणारे म्हणतात की हा उपरोध आहे. १९६७ च्या उन्हाळ्यात जगभर वाजलेलं गाणं आणि त्याच काळात व्हिएतनाममध्ये चाललेलं युद्ध, दोन्ही एकत्र ठेवलंय. ते पटतं. पण उपरोधाचा चिमटा नायकाला बसायला हवा होता, आणि तो बसत नाही. गोळ्या झाडून झाल्यावर तो चहा पीत, नाचत लंडनला जातो. आपल्याच आतला राक्षस आत्ताच बघून आलेल्या माणसाचं हे पहिलं कृत्य. मॅकगूहनला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. कोंडल्यावरही नंबर वन त्याच्याबरोबर खाली उतरला, असंही हे वाचता येतं. तसं वाचलं तर प्रसंग भयंकर आहे. कॅमेरा मात्र त्याकडे साहसकथेसारखा बघतो. माझं मत अजूनही दोन्हीकडे झुलतं.

१३. शेवटी तो सुटतो की नाही?

नाही. पुरावे तीन आणि तिन्ही पडद्यावर आहेत.

लंडनमध्ये तो बटलरसह आपल्या घरी पोचतो. दारावर आकडा आहे १. तो गाडीत बसतो आणि बटलर दारापाशी जातो, तेव्हा दार आपोआप उघडतं, व्हिलेजमधल्या दारांसारखंच गुणगुणत. मग श्रेयनामावलीत कॅनर, बटलर झालेला मस्कॅट आणि मॅकर्न यांची नावं त्यांच्या दृश्यांवर येतात, पण मॅकगूहनच्या दृश्यावर नाव नाही, फक्त 'प्रिझनर'. आणि शेवटचा शॉट म्हणजे पहिल्या भागाची सुरुवात: ढगांचा गडगडाट, मोकळा रस्ता, लोटस सेव्हन गाडीत समोरून येणारा तो.

बाकीचे दोघं जिथून आले तिथेच परततात, हेही बघा. ४८ रस्त्याकडेला अंगठा दाखवत उभा राहतो, एका दिशेला कुणी थांबलं नाही की रस्ता ओलांडून दुसऱ्या दिशेला. कुठे जायचं हे त्याला महत्त्वाचं नाही. नंबर टू पार्लमेंटमध्ये शिरतो, जणू सुटी संपवून कामावर रुजू होतोय. मला शेवटचा हा टप्पा पूर्ण भागात सर्वात उत्तम वाटतो: बडबड नाही, मुखवटे नाहीत, फक्त लंडनची रहदारी.

१४. व्हिलेज मोरोक्कोजवळ होतं ना? मग तिथून गाडीनं लंडनला कसे येतात?

'मेनी हॅपी रिटर्न्स'मध्ये हिशेब करून व्हिलेज मोरोक्को किंवा पोर्तुगालच्या आसपास ठरवलं जातं. 'द चाइम्स ऑफ बिग बेन'मध्ये ते लिथुआनियात असल्याचं सांगतात, पण तो पूर्ण भागच सापळा आहे, त्यामुळे तो सोडा. 'फॉल आउट'मध्ये बोगद्याचं दार फोडून गाडी बाहेर पडते ती थेट ए-२० वर. हा रस्ता लंडन ते डोव्हर, म्हणजे केंट परगण्यातला.

जुळत नाही. जुळवायचे प्रयत्न झालेत: तरंगतं व्हिलेज, दोन व्हिलेजेस, मधला प्रवास कापला. मला यातलं काहीच लागत नाही. दाराबाहेर पडलं की लंडनचा रस्ता, एवढंच तो शॉट म्हणतो.

१५. नंबर सिक्स म्हणजे जॉन ड्रेकच ना? आणि राजीनाम्याचं कारण शेवटी कळतं का?

मार्कस्टाइन म्हणायचा, तो 'डेंजर मॅन'चा ड्रेकच. मॅकगूहन म्हणायचा, नाही. दोघंही आता हयात नाहीत, वाद हयात आहे. गंमत म्हणजे सुरुवातीच्या दृश्यात ज्याच्या टेबलावर राजीनामा आपटला जातो, तो टेबलामागचा टकला माणूस स्वतः मार्कस्टाइन आहे.

राजीनाम्याचं कारण 'फॉल आउट'मध्ये कळत नाही. मनाला पटेना म्हणून सोडलं, इतपत सूचना आधीच्या भागांत आहे, ती पुरेशी धरा. हा प्रश्न व्हिलेजचा आहे. आपण तो विचारू लागलो की आपणही नंबर टूच्या खुर्चीत जाऊन बसतो.

१६. नंबर ४८ चा चेहरा आधी बघितलाय. तो तर मेला होता ना?

'लिव्हिंग इन हार्मनी'मधला माथेफिरू तरुण कॅनरनंच केला होता, आणि तो मरतो. ४८ हे वेगळं पात्र. ग्रिफिथचंही तसंच: दोनच भाग आधी 'द गर्ल हू वॉज डेथ'मध्ये तो स्वतःला नेपोलियन समजणारा वेडा खलनायक होता. घाई होती, भरवशाचे नट हाताशी हवे होते. यातून गूढ अर्थ काढणारे आहेत, मी त्यांत नाही. मॅकर्नचा नंबर टू मात्र तिन्ही भागांत एकच माणूस आहे.

१७. भागांचा क्रम बदलला तर 'फॉल आउट' जास्त पटतो का?

प्रक्षेपणाचा क्रम आणि चित्रीकरणाचा क्रम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, 'डान्स ऑफ द डेड' आठवा दाखवला गेला, पण त्यात नंबर सिक्स गावात नवखा वाटतो. म्हणून चाहत्यांनी आपापले क्रम लावलेत आणि त्यावर 'सिक्स ऑफ वन' या १९७७ मध्ये स्थापन झालेल्या चाहत्यांच्या संस्थेतही वर्षानुवर्षं काथ्याकूट झालाय. शेवटचे दोन भाग मात्र सगळ्यांच्या यादीत जिथल्या तिथे असतात. 'फॉल आउट' पटायला त्यामुळे काही फरक पडत नाही.

१८. मी 'वन्स अपॉन अ टाइम'लाच शेवट मानतो. चालेल का?

असं मानणारे बरेच आहेत, आणि त्यांचा मुद्दा दमदार आहे. त्या भागात दोनच माणसं, एक खोली आणि जबरदस्त अभिनय. पण त्याचा शेवट आठवा. नंबर टू मेलाय, सुपरवायझर विचारतो तुला काय हवंय, आणि नंबर सिक्स म्हणतो, "नंबर वन." सुपरवायझर म्हणतो, नेतो. इथे थांबायचं म्हणजे त्याला हवं ते मिळणार अशा विश्वासावर टीव्ही बंद करायचा. मग तो जिंकतो. 'फॉल आउट' त्याला खरोखर नेतो, आणि काय मिळालं ते दाखवतो. जिंकलेला नंबर सिक्स हवा असेल तर खुशाल सोळाव्यावर थांबा. मला तो थोडा खोटा वाटतो.

२००९ च्या अमेरिकन पुनर्निर्मितीबद्दलही कुणी ना कुणी विचारतंच. जिम कॅव्हिझेल आणि इयन मॅककेलन आहेत, सहा भाग आहेत, शेवट वेगळा आहे. मॅककेलनसाठी बघा.

१९. ते गाव खरं आहे का? जाता येतं का?

येतं. उत्तर वेल्समधलं पोर्टमेरियन. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकारानं १९२५ पासून पुढे ५० वर्षं ते बांधलं. मालिका चालू असताना जागेचं नाव गुप्त ठेवलं होतं. ते पडद्यावर आलं ते 'फॉल आउट'च्याच सुरुवातीला, मालकाचे आभार मानताना. रेल्वेनं मिनफोर्थ स्थानकावर उतरून चालत जाता येतं. गावात शिरायला तिकीट लागतं, आणि राहायचं तर तिथलंच हॉटेल आहे.

चौकातला हिरवळीचा तुकडा, जिथे मालिकेत बुद्धिबळाचा पट मांडला होता, तो बघा आणि ओहोटीच्या वेळी खाली वाळूवर जा. नंबर सिक्सचं घर म्हणून बाहेरून दाखवलेल्या गोल घरात मालिकेच्या वस्तूंचं दुकान थाटलं गेलं. आत मालिकेतली खोली शोधू नका: घरांच्या आतलं चित्रण, आणि 'फॉल आउट'ची ती गुहासुद्धा, बोरहॅमवुडच्या एमजीएम स्टुडिओत झालं होतं.